जुलैमध्ये सगळ्यांच्या स्टेटमेंटमध्ये तोच शेअर कसा?

हिशेबनीस (जळगाव)

मंडळी, माझा धंदा रिटर्न भरण्याचा. अशील सगळे जवळपासचेच: भुसावळचे रेल्वेवाले, यावल-फैजपूरकडचे केळीवाले, एमआयडीसीतल्या डाळ मिलांमधले सुपरवायझर, बऱ्याच शिक्षिका, काही डॉक्टर. पूर्वी ह्यांच्या फायलीत एलआयसीची पावती, पोस्टाचं व्याज आणि पतसंस्थेची एफडी एवढंच असायचं. त्यावर जे उरेल ते सराफ बाजारात जायचं आणि त्याचा कागद माझ्यापर्यंत येत नसे. कोविडनंतर फायलीगणिक ब्रोकरचं पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचं, स्टेटमेंट येऊ लागलं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून ज्यांनी जन्मात रिटर्न भरलं नव्हतं, ते आता शेअरचा तोटा दाखवायला येतात. असो.

एका जुलैत एक विचित्र गोष्ट दिसली. वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या लोकांच्या स्टेटमेंटमध्ये एकाच अनोळखी कंपनीचा शेअर. फक्त बीएसईवर नोंदलेला, भाव किरकोळ. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण खरेदीच्या तारखाही एकाच आठवड्यातल्या होत्या. विचारलं तर एकाने हिंदी यूट्यूब चॅनेल सांगितलं, एका बाईंनी मराठी रील दाखवलं, तिसऱ्याला टेलिग्रामवर 'आजचा मल्टिबॅगर' (कैक पट होणारा शेअर) म्हणून आला होता. चॅनेलं निराळी, शेअर तोच, आठवडा तोच. विकल्याची नोंद मात्र कोणाच्याच स्टेटमेंटमध्ये नाही, आणि भाव वर्षअखेर पाऊण हिस्सा पडलेला.

प्रत्येक खरेदीला समोर विक्री असते. घेणारे सगळे माझ्या टेबलासमोर बसले होते. विकणारे कोण होते?

हे नवं नाही, आणि कसं चालतं ते शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या आदेशांत तपशीलवार लिहिलेलं आहे. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवत असेल. एका हिंदी अभिनेत्याचं नाव आल्यामुळे गाजलं होतं. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले की कंपनी अदानी समूह घेणार आहे, अमेरिकी कंपनीबरोबर ११०० कोटींचा करार होणार आहे. सगळं खोटं. ते व्हिडिओ पैसे मोजून जाहिरातींतून पसरवले होते. छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ होती ती ५५,३४३ झाली, आणि त्या चढ्या भावात प्रवर्तकांपैकी व आतल्या गोटातल्या काहींनी आपला माल काढला. मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश आला, अंतिम आदेश यायला मे २०२५ उजाडला.

हा भागधारकांच्या संख्येचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दर तिमाहीला शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती टक्के शेअर ह्याचा तक्ता, जाहीर करतात. बीएसईच्या साइटवर फुकट आहे. प्रवर्तकांचा टक्का उतरतोय आणि किरकोळ भागधारकांची गर्दी वाढतेय असं दिसलं, की विकणारा कोण हे वेगळं विचारावं लागत नाही.

तर धागा ह्यासाठी: तुमचा ह्या टिपवाल्यांवरचा विश्वास उडाला का, आणि उडाला तर नेमका कशाने? पैसे गेले म्हणून, की आणखी काही दिसलं म्हणून? चॅनेलांची नावं लिहू नका. माझ्याकडचे कागद अशिलांचे आहेत, मीही लिहिणार नाही.

तापीकाठ (चोपडा)

ताई, मुद्दा पटला, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्या तालुक्यात म्युच्युअल फंड समजावायला कोण आलं होतं? बँकेत गेलो तर साहेब युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) गळ्यात मारायचे. इंडेक्स फंड, एक्स्पेन्स रेशो, टर्म इन्शुरन्स हे शब्द मी पहिल्यांदा यूट्यूबवरच ऐकले, तेही मराठीत. आज माझ्या तीन एसआयपी चालू आहेत त्या कुठल्या बँकेमुळे नाही.

हिशेबनीस

तापीकाठ भाऊ, त्यांच्याबद्दल तक्रारच नाही. इंडेक्स फंड म्हणजे काय हे ज्याने सांगितलं, त्याच्या खिशात तुमच्या खरेदीने काही पडत नाही. अमुक शेअर आज घ्या म्हणणाऱ्याचं तसं नाही. सेबीनेही हीच रेघ ओढायचा प्रयत्न केला. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की फक्त शिकवत असाल तर उदाहरणाला तीन महिने जुने भाव वापरा, चालू भाव दाखवून शेअरचं नाव घेणं हे शिक्षण नव्हे.

केळीवाला (फैजपूर)

मले एक सांगा भो. आमच्याकडे रावेरचा भाव रोज निघतो, बऱ्हाणपूरचा निघतो, नवतीचा वेगळा, वापसीचा वेगळा. आणि व्यापारी बांधावर येऊन म्हणतो, 'भाव पडणार आहे, आजच कापा.' त्याच्या सांगण्यावर कोणी कापतं का? तो घेणारा आहे, भाव पडलेला त्याला हवाच आहे. हे आमच्याकडे बारावीच्या पोराला कळतं. तोच पोरगा रात्री मोबाईलवर 'भाव चढणार, आजच घ्या' म्हणणाऱ्याचं ऐकतो. बांधावर उभा असलेला माणूस दिसतो म्हणून त्याचा स्वार्थ कळतो. हा दिसत नाही.

शिरपूर_ते_हिंजवडी

केळीवाले काका, एक नंबर.

माझा विश्वास एका बारीक गोष्टीने उडाला. एक पैसाही गेला नव्हता. एका टेलिग्राम चॅनेलचे जुने मेसेज मी सवयीने एक्सेलमध्ये उतरवून ठेवत होतो: तारीख, शेअर, भाव, टार्गेट. काही महिन्यांनी ताळा करायला बसलो तर माझ्या शीटमध्ये असलेल्या बऱ्याच टिपा चॅनेलवर नव्हत्याच. चुकलेल्या पुसून टाकलेल्या, लागलेल्या वरती पिन केलेल्या. नवीन माणूस चॅनेलवर येतो तेव्हा त्याला सगळं हिरवंच दिसतं.

दुसरा प्रकार म्हणजे एकाच माणसाची चार खाती. दोनांत तेजी, दोनांत मंदी. संध्याकाळी जे जिंकलं त्याचा स्क्रीनशॉट. बिचारा खोटंही बोलत नसतो, फोटो खराच असतो.

'बाप ऑफ चार्ट' ह्या यूट्यूब चॅनेलवाल्यावरचा ऑक्टोबर २०२३ चा सेबीचा आदेश वाचा. कोर्स विकून मिळवलेले १७ कोटींच्या वर पैसे जमा करायला लावले. आणि जो महिन्याला एवढे टक्के मिळवा म्हणून सांगत होता, त्याचा स्वतःचा ट्रेडिंगचा हिशेब जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ मध्ये तीनेक कोटींच्या तोट्यात होता.

धुळेकर

काय सांगू भाऊ, मना सालानी नोकरी सोडी दिन्ही, आते मोबाईल लिसन बठेल शे. गुरुवारी एक्स्पायरी, म्हणजे त्याच्या ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस, म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आता एक्स्पायरीचा वार बदलला, मौनव्रताचा वारही बदलला. सासूबाईंना वाटतं जावई कसलं तरी व्रत करतोय.

(शेवटचं वाक्य चुकलं, त्यांचा जावई मी. तो मुलगा. पण मला कोणी व्रत करू देत नाही.)

डाळमिल_अकाउंट

धुळेकर, हसू आलं, पण साल्यांना हे वाचून दाखवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांचा) अभ्यास काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर, त्यातले ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, खर्च धरून. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतर लॉट (किमान सौदा) मोठे केले, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकावर आणली, तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच.

हे पैसे हवेत गेलेले नाहीत. समोर मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आहेत. आपला साला मोबाईलवर, तेही जिओचं रेंज असेल तर.

तापीकाठ

एफ अँड ओबद्दल दुमत नाही, पण मूळ धागा शेअर सुचवणाऱ्यांचा आहे. माझा प्रश्न असा: सेबीकडे नोंदणी असलेले रिसर्च ॲनालिस्टही चुकतातच की. टीव्हीवर सूट घालून बसणारे चुकतात. मग नोंदणी नसलेल्यालाच का धरायचं?

हिशेबनीस

चुकण्याबद्दल कोणालाच धरत नाही मी. नोंदणी असलेल्याला स्वतःकडे तो शेअर आहे का हे सांगावं लागतं, शिफारशीची कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि तक्रार झाली तर सेबीच्या स्कोअर्स ह्या तक्रार पोर्टलवर उत्तर द्यावं लागतं. बाकीच्यांवर ह्यातलं काहीच बंधन नाही. 'मी सेबी रजिस्टर्ड नाही, हे फक्त शैक्षणिक' असं खाली बारीक अक्षरात टाकलं की आपण मोकळे, असं त्यांना वाटतं. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर आयएनएच ह्या अक्षरांनी सुरू होतो, सल्लागाराचा आयएनए ने. नंबर दिला असेल तर सेबीच्या साइटवर जाऊन नाव जुळतंय का बघा, कारण दुसऱ्याचा नंबर लावणारेही आहेत.

अमळनेरची_सून

माझं माहेर नाशिकचं. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विप्रोची गोष्ट ऐकली. नंतर प्रत्येक पाहुण्याला ती सांगताना ऐकली. कंपनी इथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, काहींनी विकलेच नाहीत, बोनसवर बोनस येत गेले आणि साधी घरं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे.

पण गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट मला प्रत्येक टिपवाल्याच्या तोंडी ऐकू येते. 'अमळनेरच्या लोकांनी विप्रो घेतला तेव्हा कोणाला माहीत होतं? हा पुढचा विप्रो आहे.' आमच्याच गावात येऊन आम्हालाच सांगतात! ज्यांनी तो घेतला त्यांच्यासमोर कारखाना उभा होता. कोणाचा तरी भाऊ तिथे कामाला होता, तूप घरात वापरात होतं. भाव रोज बघायची सोय नव्हती, म्हणून ठेवला गेला, हेही खरं. आणि त्याच काळात खान्देशात कापड गिरण्याही जोरात होत्या. अमळनेरला, धुळ्याला, चाळीसगावला. त्या बंद पडल्या. त्यांची गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

निवृत्त_गुरुजी (शहादा)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे वय आता सत्तरीच्या पुढे, शेअरमधले मला कळत नाही. परंतु विश्वास कसा बसतो आणि कसा बसवला जातो, हे आमच्या पिढीने पतसंस्थांमध्ये पाहिलेले आहे. नाव कशाला घ्यायचे, ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना सांगायला नको. तिथेही आम्ही ताळेबंद वाचला नव्हता. चेअरमन आपल्या गावचे, आपल्या समाजाचे, लग्नाला येतात, मयतीला येतात, एवढ्यावर निवृत्तीची रक्कम ठेवली.

आता नातू म्हणतो, 'बाबा, हा माणूस रोज लाइव्ह येतो, आपली भाषा बोलतो, आईच्या पाया पडतो, तो कशाला फसवेल?' मी काही बोललो नाही. चेअरमनही पाया पडत असत.

फरक एवढाच की त्या वेळी आम्ही चेअरमनच्या दारात जाऊन बसू शकत होतो. पैसे नाही मिळाले, पण त्याला मागच्या दाराने जावे लागत होते.

धुळेकर

गुरुजी 🙏

सावदेकरीण

इथे दोन गोष्टी मिसळताहेत, म्हणून लिहिते. वरचे सगळे टिपवाले आहेत; पैसे निदान तुमच्या डिमॅटमध्ये राहतात. आमच्या दिरांचं वेगळंच झालं. फेसबुकवर एका नामांकित माणसाचा फोटो लावलेली जाहिरात, त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुप, ग्रुपमध्ये रोज शंभरेक जण 'सर, आज एवढा प्रॉफिट' म्हणताहेत. मग लिंकवरून ॲप उतरवायला लावलं. ॲपमध्ये पैसे दिवसागणिक वाढलेले दिसत होते. काढायला गेले तर आधी 'टॅक्स' भरा म्हणाले. तो भरला तर आणखी एक फी. तेव्हा जाऊबाईंना संशय आला.

त्या ॲपमागे बाजार नव्हताच. ग्रुपमधले ते शंभर जणही खरे होते की नाही, देव जाणे. असं कोणाचं झालं तर लाज धरून बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे दिरांनी 'गावात कळेल' म्हणून आठवडा घालवला.

शिरपूर_ते_हिंजवडी

सावदेकरीण ताई, चांगलं सांगितलंत. त्याला जोडून: १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदणी असलेल्या आणि गुंतवणूकदारांकडून पैसे घेणाऱ्या संस्थांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणलेत, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द असतो. कोणा 'सर'च्या साध्या मोबाईल नंबरवर किंवा भलत्याच ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात पैसे टाका म्हणाले तर तिथेच थांबा. कुठलाही खरा ब्रोकर नफा काढायला आधी टॅक्स मागत नाही.

तापीकाठ

बरं, मी थोडा मागे येतो. काल रात्री ताईंनी सांगितलं तसं माझ्याकडच्या एका शेअरचा शेअरहोल्डिंग पॅटर्न काढून बघितला. तो मला ज्या चॅनेलवरून कळला त्याला मी अजून चांगलाच समजतो, पण गेल्या चार तिमाहींत प्रवर्तकांचा टक्का उतरलाय आणि किरकोळ भागधारक तिप्पट झालेत. व्हिडिओत कंपनीच्या ऑर्डर बुकबद्दल अर्धा तास होता. ह्याबद्दल शब्द नाही.

माहिती नव्हती म्हणून नाही बोलला, की माहिती होती म्हणून, हे मला ठरवता येत नाहीये. आणि खरं सांगायचं तर भाव अजून माझ्या खरेदीच्या वर आहे.

केळीवाला (फैजपूर)

भाव वर आहे तवर काप भो.

हिशेबनीस

मी 'विका' किंवा 'ठेवा' सांगणार नाही, मलाही सेबीची नोंदणी नाही 🙂

कराचं मात्र सांगू शकते, कारण दर जुलैला तेच समजावत असते. तोटा 'दिसतोय' म्हणजे झाला असं आयकर खातं मानत नाही. शेअर विकला तरच तोटा नोंदवता येतो. आणि तो तोटा पुढे न्यायचा तर रिटर्न मुदतीत भरायला हवं. मुदत चुकली की तो हक्क गेला. वर्षाच्या आत विकलेल्याचा, म्हणजे लघु मुदतीचा, तोटा लघु आणि दीर्घ मुदतीच्या दोन्ही नफ्यांतून वजा होतो. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. दोन्ही आठ वर्षं पुढे नेता येतात. इंट्राडेचा (त्याच दिवशी घेऊन विकलेल्याचा) तोटा सट्टा धरला जातो. तो सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो आणि चारच वर्षं चालतो. एफ अँड ओ सट्ट्यात धरत नाहीत, ते धंद्याचं उत्पन्न. त्यामुळे पगारदार माणसालाही साधा फॉर्म सोडून आयटीआर-३ भरावा लागतो.

धुळेकर, साल्यांनी मागच्या वर्षीचं भरलंय का?

धुळेकर

ताई, तो म्हणतो नफा नाही तर रिटर्न कशाला. आज रात्री जेवायला बोलावतो आणि हा धागा दाखवतो. एफ अँड ओचा तोटा घेऊन तुमच्याकडे पाठवू का?

हिशेबनीस

पाठवा. टॅक्स पी अँड एल आणि बँक स्टेटमेंट दोन्ही आणायला सांगा. मोबाईलवरचे स्क्रीनशॉट नकोत.

नवा_सभासद_यावल

नमस्कार. हा धागा वाचूनच नाव नोंदवलं. ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही ज्या प्रकारचा शेअर म्हणताय तसाच एक माझ्याकडे आहे. रोज उघडल्या उघडल्या पाच टक्के खाली आणि लोअर सर्किट, म्हणजे दिवसाची घसरणीची मर्यादा गाठलेली आणि घेणारा कोणी नाही. साडेनऊला विकायला लावतो, ऑर्डर तशीच पडून राहते, साडेतीनला रद्द. चढताना रोज पाच-पाच टक्क्यांनी पंधरा दिवसांत दुप्पट झाला होता, तेव्हा घ्यायला मिळत नव्हता म्हणून जास्तच वाटलं की काहीतरी चांगलं आहे. ग्रुपवर विचारलं तर मला काढून टाकलं. विकायचा काही मार्ग आहे का?

हिशेबनीस

लोअर सर्किटला भाव सगळ्यांचा एकच असतो, म्हणून ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी. साडेनऊला लावली की तुमच्यापुढे हजारो असतात. बहुतेक ब्रोकरांच्या ॲपमध्ये आदल्या संध्याकाळी आफ्टर मार्केट ऑर्डर लावता येते. लोअर सर्किटच्या भावाने तशी लावून बघा आणि रोज नव्याने लावत राहा. एखाद्या दिवशी कोणी घ्यायला आलं तर थोडे तरी निघतात. सगळे एकदम निघतील ही आशा धरू नका. आणि ग्रुपमधून काढण्याआधीचे मेसेज फोनमध्ये असतील तर पुसू नका, सेबीकडे तक्रार करताना लागतील.

नवा_सभासद_यावल

मेसेज आहेत. आज संध्याकाळी लावतो.